पोराच्या गाडीत न बसणारा सेवालाल

मेडशीच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की तांडा लागतो. तांड्यातलं शेवटचं घर सेवालालचं. त्या घरात तो एकटा राहायचा. बायको भागिरथा, मुलगा पवन, सून तनुजा आणि लहानगी नात शिरपूरला. पवन तिथं बॅटरीचा ऑटो चालवतो. बसस्टँडवर उतरलेले यात्रेकरू मंदिरात नेतो, परत आणतो. धंदा बरा आहे. पोरगा मेहनती आहे.

सेवालाल त्या ऑटोत बसत नव्हता. भांडण एवढंच. पण एवढ्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं. भागिरथाला दोघांतला एक निवडावा लागला आणि ती नातीकडं गेली. सेवालाल हट्ट सोडतो की म्हातारपण त्या शेवटच्या घरात एकट्यानं काढतो, हा प्रश्न होता. तांड्यातले लोक म्हणत, आफ्रिकेत जाऊन डोकं फिरलं त्याचं. डोकं फिरलं नव्हतं. मी मेडशीचा. त्याच्याबरोबर उभं आयुष्य काम केलं आहे, म्हणून लिहितो.

आम्ही विहिरी खणायचो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काठावर यारी असते. लोखंडी हात, ड्रम, तार आणि इंजिन. तारेला मोठा डोल. खालची माणसं खडक फोडतात, डोल भरतात, वरचा माणूस तो ओढून घेतो आणि बाहेर रिकामा करतो. वरच्याचा हात ब्रेकवर. ब्रेक सुटला तर भरलेला डोल खालच्याच्या डोक्यात. म्हणून कोण खाली जातो यापेक्षा वर कोण आहे हे पाहून माणसं कामाला येत. सेवालाल वर असायचा, मी खाली.

त्याचा डोल भिंतीला घासत नसे. खाली येताना हातभर उंचीवर थांबायचा, आम्ही पाय बाजूला घेतले की मग टेकायचा. ब्रेकवर असताना तो तंबाखू मळत नसे. शेतमालक चहा घेऊन आला तरी कप हातात घेत नसे. मालक नवीन असला तर त्याला राग यायचा. मी खालून ओरडायचो, "ठेवा तिथंच, थो घेत नाही." आम्ही वर आलो की सेवालाल थंड झालेला चहा पिऊन टाकायचा. चहा थंड झाला असं तो कधी म्हणाला नाही. मी पुष्कळ यारीवाल्यांच्या हाताखाली काम केलं. असा दुसरा पाहिला नाही.

सुरुंगाच्या वेळची एक रीत होती. भोकं पाडून झाली, दारू भरली, की सगळे वर यायचे. काठावर उभं राहून प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. नावं झाली की यारीवाल्यानं विहिरीत वाकून हाक मारायची, "खाली कोण हाय? वर या!" सगळे समोर उभे असले तरी मारायची. हाक भिंतींवरून फिरून विरून गेली की मग हात वर करायचा. हात वर झाला की सुरुंग. ही रीत आमच्या आधीच्या लोकांची. आमच्या टोळीत नवा माणूस आला की हसायचाच.

"सारे तं इथीच हायत. विहीर बोलन काय?"

सेवालाल त्याच्याकडं न बघता म्हणायचा, "बोलली तं तुह्या जिवाले बरं. थांब."

पुढं पोकलेन आल्या, बोअर आले. हातानं विहीर खणायला कोणी बोलवेना. माझे गुडघे तेव्हाच गेले होते, मी घरी बसलो. सेवालाल माझ्यापेक्षा लहान. तो गिट्टीच्या खदानीत लागला, तिथं खडकात भोकं पाडायचं मोठं मशीन शिकला. त्याच्या हाताला ती सवय होतीच. खदानीतल्या कोणाच्या तरी ओळखीनं एका ठेकेदारानं त्याला काँगोत नेलं. आफ्रिकेत. तिथं तांब्याची आणि कोबाल्टची उघडी खाण होती. काम तेच, सुरुंगासाठी भोकं पाडायची. कोबाल्ट म्हणजे काय हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. भागिरथा फोनवरचे फोटो दाखवायची. लाल माती, पायऱ्या पायऱ्यांचा भला मोठा खड्डा, कडेला पिवळं मशीन आणि मशीनपुढं टोपी घातलेला सेवालाल. प्रयागबाई, त्यांची शेजारीण, म्हणाली, "एवढी मोठी विहीर, आन् पाणी कुठी हाय?"

ठरलेली मुदत संपायच्या आधीच तो परत आला. का आला ते सांगितलं नाही. आधीच तो कमी बोलणारा, आता त्याहून कमी बोलू लागला. लोकांना वाटलं, तिथलं अन्न मानवलं नसेल. भागिरथाला वाटलं, हिवताप झाला असेल. मला वाटलं, काम चुकलं असेल. पण मी विचारलं नाही. काम चुकलं का, हे सेवालालला विचारण्याची माझी छाती नव्हती.

त्याच कमाईतून पवननं ऑटो घेतला. बापाला चकित करायचं म्हणून आधी काही सांगितलं नाही. वाशीमहून थेट तांड्यावर घेऊन आला. झेंडूच्या माळा घातलेल्या, मागच्या सीटवर कोरा टॉवेल अंथरलेला. मी त्या दिवशी तिथं होतो. गाडी घरासमोर येऊन उभी राहिली तरी कोणाला कळलं नाही.

"अवं माय!" प्रयागबाई दचकली. "आवाजच नाही! चोरावानी येते ही तं."

"धूर बी नाही, काकू," पवन म्हणाला. "पेट्रोल नाही, काही नाही. रातभर चार्जिंगले लावा, दिवसभर फिरवा."

"म्हंजे तुह्या बापावानी. खाते कमी, बोलते कमी, काम करते."

सगळे हसले. सेवालालही थोडा हसला. भागिरथानं गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला. नवी गाडी आली की घरातल्या मोठ्या माणसानं आधी बसायचं, मग इतरांनी. पवननं टॉवेल झटकून पुन्हा नीट अंथरला आणि म्हणाला, "बस बा. शिवेपर्यंत जाऊन येऊ."

सेवालाल गाडीजवळ गेला. सीट उचलून खाली बघितलं. तिथं बॅटरीचा डबा होता. त्यावर त्यानं हात ठेवला.

"यातला माल कुठला?"

"माल?"

"बॅटरीतला. कोण्या खाणीतला?"

"मले काय मालूम बा? कंपनीची बॅटरी हाय. वारंटी हाय."

सेवालालनं सीट परत बसवली. खटका लागला की नाही ते दाबून पाहिलं. मग म्हणाला, "गाडी चांगली हाय. मी नाही बसत."

पवनचा चेहरा उतरला. प्रयागबाईला ते बघवेना. ती लुगडं सावरून पुढं झाली. "मंग मी बसतो. मले कोण नेते गाडीत? चाल रे पवन, शिरपूरचा देव दाखव मले फुकटात." ती बसली, पोरं लटकली, गाडी शिवेपर्यंत गेली आणि आली. पण पहिला बसायचा माणूस बसला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

पवनला वाटलं, बापाला लाज वाटते. बाप परदेशात मशीन चालवून आला आणि पोरगा ऑटोवाला झाला. तसं तो माझ्याजवळ बोलला. मी म्हणालो, तसं नसेल. पण कसं असेल ते मलाही सांगता येत नव्हतं. सेवालाल घरात एवढंच म्हणाला होता की त्या खाणीत माणसं मरतात आणि तो माल बॅटरीत जातो. पवन म्हणाला, माणसं कुठी नाही मरत?

पवन ऑटो घेऊन तनुजासोबत शिरपूरला राहायला गेला. पुढं नात झाली. भागिरथा बाळंतपणासाठी शिरपूरला गेली, ती तिथंच राहिली. जाताना म्हणाली, "तुमी बी चला." सेवालाल म्हणाला, "पोरगा स्टँडवर घ्याले येईन. साऱ्यायसमोर मी नाही म्हणन. त्याचा धंदा हाय तिथी. त्याले कायले खाली पाह्याले लावू?" म्हणून गेला नाही.

पवननं मात्र विषय सोडला नाही. पोरगा बापावर गेलेला, एक गोष्ट हातात घेतली की शेवटास नेतो. काही महिन्यांनी तो तांड्यावर आला, एकटा, बसनं. मी आणि सेवालाल ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. तो उभ्याउभ्याच बोलू लागला. हरखला होता.

"बा, मी शोरूमवाल्याले पुसलं. त्यानं मोठ्या साहेबाले फोन लावला. आपल्या गाडीच्या बॅटरीत थो तुह्या तिथला माल नाहीच! ही दुसऱ्या जातीची बॅटरी हाय. कोबाल्ट नसते यात."

"मंग काय असते?"

"लोखंडाच्या जातीचं काहीतरी. आन् लिथियम."

"ते कुठून येते?"

"आता ते मी कसं सांगू? शोरूमवाला हसून राह्यला होता मले. म्हणे, गाडी चालवायची का शाळा शिकायची?"

"आन् तार? तार तांब्याची असन."

"असन ना."

"तांबं त्याच खड्ड्यातून निंघते. दोनी संगंच निंघते."

पवननं शेंगांच्या ढिगाकडं पाहिलं. मग जे बोलायला नको होतं ते बोलला. "मंग तुह्या खिशात काय हाय? फोनात असते थो माल. शोरूमवाल्यानंच सांगतलं. गाडीत नाही, फोनात हाय. थो कसा चालते तुले?"

त्याला वाटलं असावं, बाप आता अडकेल, हसेल आणि गाडीत बसेल. सेवालालनं खिशातून फोन काढला. साधा बटणांचा. मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली. मग आत जाऊन दोन्ही फळीवर ठेवून आला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसला.

"बरं झालं सांगतलं. मले मालूम नव्हतं."

पवनचा आवाज बदलला. "सरळ सांग ना, बा. आमी नाही पायजे तुले."

सेवालालनं पुढची शेंग उचलली. पवन चहा न घेता गेला. बस निघून गेली होती, दुसरी यायला वेळ होता. तो फाट्यावर उन्हात उभा राहिला. आम्हाला ओट्यावरून दिसत होता. सेवालालनं त्या बाजूला पाठ केली नाही आणि उठलाही नाही.

त्यानंतर त्याच्यापर्यंत पोचायला कोणाजवळ काही उरलं नाही. भागिरथा माझ्या फोनवर बोलायची. माझ्या खिशात फोन आहे. मी तो टाकला नाही. कोणाजवळ तरी असायला पाहिजे होता.

"जेवले काय ते?"

"जेवला."

"काय जेवले?"

"भाकर, बेसन."

"रोज बेसनच?"

"रोज नाही. काल आंबाडीची भाजी होती."

"तुमी दिली असन. मी वळखत नाही काय त्यायले?" मग, "पोरगी आता बसते म्हणा. टेका न लावता बसते."

मी ते जाऊन सांगायचो. तो म्हणायचा, "हं." आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घ्यायचा. त्याचं घर त्या दिवसांत फार स्वच्छ होतं. बायको असताना एवढं नव्हतं. चुलीला पोतेरं, भांडी उपडी, दोरीवर एकच धोतर आणि एकच बंडी. कोपऱ्यात भागिरथाची आरशांची जुनी ओढणी खुंटीला तशीच होती. तिच्यावर धूळ नव्हती.

उन्हाळ्यात मेडशीच्या एका शेतकऱ्यानं आम्हाला बोलावलं. त्याची विहीर आम्हीच खणलेली. आता एका बाजूचं बांधकाम फुगलं होतं, धोका किती ते पाहून सांगा म्हणाला. आम्ही गेलो. सेवालालनं काठावरून एक खडा भिंतीवर मारून आवाज ऐकला, मग दुसरीकडं मारला. "इकडचं उतरवून पुन्हा बांधा. त्याबिगर कोणाले आत जाऊ देऊ नका," त्यानं सांगितलं. शेतकरी बायकोला सांगायला घराकडं गेला. आम्ही बादलीनं पाणी काढलं, प्यालो आणि निंबाखाली बसलो.

मला राहवलं नाही. भागिरथा आदल्या दिवशी फोनवर रडली होती. मी म्हणालो, "धनजची विहीर आठवते तुले?"

"आठवते ना."

धनजला माझा धाकटा भाऊ सटवा गेला. दरड सुटली, तो खाली होता. सेवालाल तेव्हा आमच्या टोळीत नुकताच आला होता. ब्रेकवर दुसरा होता.

"त्या विहिरीचं पाणी गाव पेते. मी बी पेलो. दरसाल जातो तिकडं तं पेतोच. पाण्यानं काय केलं? मी पाणी नाही सोडलं. आन् तू पोरगा सोडला, नात सोडली. माणसं मरतात तं मरतात, सेवालाल. आपल्या कामात बी मेले. तुले एकट्यालेच कायले एवढं लागून राह्यलं?"

मी रागानं बोललो. तो ऐकत होता. नंतर म्हणाला, "सटवाचं नाव त्या गावाले मालूम हाय का नाही?"

"हाय. पाणी सुटते तवा त्याच्या नावानं नारळ फोडतात."

"कोण होता, कोणाचा भाऊ, कसा गेला, सारं मालूम हाय. म्हणून तू पेऊ शकते. मले तिथल्यायचं एक बी नाव मालूम नाही. किती होते, ते बी नाही."

"कोण?"

मग त्यानं सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करत नाही, कारण तो मधेमधे बराच वेळ थांबत होता.

खाणीच्या कडेला जुनी हातानं खणलेली बिळं होती. कंपनी येण्याआधी लोक तिथं खणायचे. कंपनीनं कुंपण घातलं, पहारेकरी ठेवले, कुत्री ठेवली. तरी लोक येत. ज्यांची जमीन गेली तेच असत, दुसरं काम नसे. कुंपणाखालून घुसायचे, बिळात उतरायचे, काळा-हिरवा दगड पोत्यात भरायचे आणि बाहेर दलालाला विकायचे. दलालाचा माल पुन्हा त्याच कारखान्यांत जायचा म्हणे. वर मशीन, खाली माणूस, आणि मधे कोणी ब्रेकवर नाही.

एक दिवस त्या बाजूला सुरुंग होता. भोकं सेवालालनंच पाडली होती. बिळाजवळ त्याला रबरी चपलेचा एक जोड दिसला. त्यानं वरच्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, तू जाऊन बघ, कोणी नसेल तर हात दाखव. सेवालाल बिळाच्या तोंडाशी गेला. 'बाहेर या' हे तिथल्या भाषेत कसं म्हणतात ते त्यानं आल्या आल्याच शिकून घेतलं होतं, याच कामासाठी. वाकून हाक मारली. तिथल्या भाषेत मारली, मग आपल्या भाषेत मारली. कान देऊन ऐकलं. आतून काही आलं नाही. चपला जुन्या असतील असं त्याला वाटलं. त्यानं हात वर केला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बाया येऊन बसल्या. रडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. सेवालालनं गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर तिथलाच होता, थोडं हिंदी शिकलेला. त्यानं सांगितलं, आतले लोक हाक ऐकली की दिवा विझवतात आणि गप्प बसतात. कारण तशी हाक फक्त पहारेकरी मारतात. बाहेर आलं की कुत्री सोडतात.

"आपल्या इथी हाक ऐकली की माणूस वर येते," सेवालाल म्हणाला. "तिथी हाक ऐकली की माणूस दम धरून बसते. म्या जेवढी जोरात मारली, तेवढे ते गप बसले असतीन. न मारता नुसता उभा राह्यलो असतो, तं कोणी खोकललं असतं."

विहिरीवर चिमण्या पाण्याला उतरत होत्या. त्याचं काम चुकलं नव्हतं. त्यानं एक गोष्ट सोडली नव्हती, एक गोष्ट घाईनं केली नव्हती. हेच त्याला सोसत नव्हतं. आळसानं चूक झाली असती तर त्यानं स्वतःला शिव्या दिल्या असत्या आणि पुढं गेला असता.

मी म्हणालो, "पवनले सांग हे."

"काय सांगू? तुह्या गाडीचा पैसा असा आला म्हणून?"

"थो समजते का बाप त्याची लाज धरते. ते तं काढ डोक्यातून."

"त्याले वझं होईन."

"वझं आताच हाय. फक्त कशाचं हाय ते त्याले मालूम नाही."

तेवढ्यात शेतकरी चहा घेऊन आला.

सेवालालनं त्यावर काही कबूल केलं नाही. पण काही दिवसांनी सकाळी तो माझ्या दारात आला, अंगात धुतलेली बंडी, खांद्याला पिशवी. "चाल," म्हणाला. पिशवी बरीच भरलेली होती. किती दिवसांसाठी चाललास, हे मी विचारलं नाही. मेडशीहून मालेगाव, मालेगावहून शिरपूर. बसमध्ये तो खिडकीशी बसला. शिरपूर जवळ आलं तसा त्यानं पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. ब्रेक धरायचा तसा.

स्टँडवर ऑटोंची रांग होती. पवनचा नंबर दुसरा होता. बापाला पाहिलं तसा तो खाली उतरला, पण जवळ आला नाही. सेवालालच गेला. मी चहाच्या टपरीशी थांबलो, पण ऐकू येत होतं.

"बसाले नाही सांगत मी," पवन आधीच म्हणाला.

"बसाले नाही आलो. सांगाले आलो. तुह्या गाडीची मले लाज नाही वाटत. तू चांगली चालवते, मी ऐकलं."

"मंग?"

सेवालालनं तिथंच, ऑटोच्या दांड्याला हात लावून, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मला निंबाखाली सांगायला त्याला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्म्यातच सांगितलं. रांग पुढं सरकली. मागचा ऑटोवाला ओरडला, "पवन्या, नंबर घे लेका! सवारी उभी हाय." पवननं हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं. एकेक करून सगळी रांग पुढं गेली.

शेवटी पवन म्हणाला, "मले आधी काहून नाही सांगतलं? मी गाडीच घेतली नसती."

"म्हणूनच नाही सांगतलं. गाडी घेतली, ते बरोबर केलं. पोट हाय. धूर सोडत नाही. चालव."

"आन् तू?"

"मी नाही बसू शकत. फोन बी नाही. ते माह्यापुरतं हाय, तुले नाही सांगत."

पवन पायानं टायर दाबत राहिला. "मी गेलतो पुन्हा शोरूमले. पुन्हा पुसलं, लिथियम कुठलं, तांबं कुठलं. या खेपी तं कोणी हसलं बी नाही. कोणी बोललंच नाही."

"पुसत राह्य," सेवालाल म्हणाला. "उत्तर नाही आलं, म्हणजे तिथी कोणी नाही असं नको समजू. मी तसंच समजलो होतो."

पवननं मान खाली घातली. डोळे पुसले की घाम पुसला, ते टपरीवरून कळलं नाही. मग त्यानं बापाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली.

"घर त्या टेकाडापल्याड हाय. चाल तं मंग."

सेवालाल चालू लागला. मला वाटलं पवन पुढं जाऊन घरी थांबेल. तो गेला नाही. रस्त्याच्या कडेनं त्यानं गाडी अगदी हळू घेतली, बापाच्या पावलाबरोबर. रिकामा ऑटो, मागं एक पिशवी, बाजूनं चालणारा बाप.

परत रांगेत येणाऱ्या एकानं आवाज दिला, "काय बे पवन, बॅटरी उतरली काय?"

"नाही ना. बा चालून राह्यला."

"मंग बसव की म्हाताऱ्याले!"

"तुह्या बापाले बसव," पवन म्हणाला, आणि दोघंही हसले. सेवालालनं वळून पाहिलं नाही. खालच्या माणसाकडं लक्ष ठेवायचा तसं त्याचं लक्ष पायाखालच्या रस्त्यावर होतं. मंदिराकडच्या वळणावर भागिरथा उभी होती. कोणीतरी आधीच जाऊन सांगितलं असावं. कडेवर पोरगी होती. भागिरथा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, अंतर होतं.

मी पुढं गेलो नाही. त्यांच्या घरचं ते त्यांनी बघावं. टपरीवाल्यानं दुसरा चहा विचारला, मी नको म्हणालो.

मालेगावची बस लागली तशी मी चढलो. जागा मिळाली. मेडशीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फाट्यावरून तांड्याकडं वळायची पायांना सवय झाली होती, अर्धा रस्ता तसाच गेलो. मग परत फिरलो. प्रयागबाई शेळ्या घेऊन येत होती. तिनं विचारलं, "सेवालाल कुठी हाय?"

"शिरपूरले."

"राह्यला तिथी?"

"राह्यला."

"बसला म्हणजे गाडीत शेवटी?"

"नाही बसला," मी म्हणालो, आणि घरी आलो.